पावसाळ्यांत लंकेची मुशाफिरी
(नभोवाणीवरील भाषण)



आषाढ-श्रावणाच्या ऐन पावसांत शहाणा मनुष्य घर सोडून परमुलखांत हिंडावयास जात नाहीं, अशी आपल्याकडील जुनी समजूत आहे. चातुर्मासांत संन्याशानेंहि एके ठिकाणीं राहावें असें आपल्या पूर्वजांनीं सांगितलें. बौद्ध भिक्षूंचा वर्षावासहि याच कारणानें ठरला. तेव्हां साठी उलटलेल्या एका सेवानिवृत्त मास्तरानें पाठीवर पिशवी टाकून जुलै महिन्यांत सिंहलद्वीपाची वाट धरावी, हें ऐकून आमच्या आळींतील मंडळी हंसली यांत नवल नाहीं. लंकेंत सोन्याच्या विटा असल्या तरी त्या पावसांत भिजलेल्याच मिळतील, असा शेराहि एका स्नेह्यानें मारला.

पण मला विचारावेंसें वाटतें कीं, आषाढीची वारी ज्या महाराष्ट्रानें शेंकडों वर्षें भर पावसांत पायीं चालविली, त्याला पावसांतल्या प्रवासाचें भय कां वाटावें? खांद्यावर पडशी, डोक्यावर इरलें किंवा घोंगडी, मुक्कामाला देऊळ नाहींतर कोणाची ओसरी, आणि कनवटीला मोजके पैसे; एवढ्या सामग्रीवर आपला वारकरी पंढरी गांठतो. हल्लीं तरुण मंडळी पाठीवर मोठी पिशवी बांधून, स्वस्तांत स्वस्त गाडीनें आणि साध्यांत साध्या खोलींत उतरत जग पाहतात, त्यांना 'बॅकपॅकर' असें नांव पडलें आहे. नांव नवें, रीत जुनीच. माझा भाचा त्या वर्षीं नुकताच अभियांत्रिकीची परीक्षा उतरला होता आणि त्याला या प्रकाराचें फार वेड. त्याला सोबत हवी होती, मला निमित्त हवें होतें. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढें शिकलों नाहीं, पण जन्मभर मुलांना भूगोल शिकविला. लंकेचा तो कैरीसारखा नकाशा मीं फळ्यावर किती वेळां काढला असेल याची गणती नाहीं. तें बेट एकदां डोळ्यांनीं पाहावें ही इच्छा जुनीच होती. निवृत्तिवेतनांत बसणारा काळ मात्र पावसाळाच, कारण त्या दिवसांत विमानाचें तिकीट आणि खोल्यांचें भाडें हीं दोन्ही उतरलेलीं असतात. असे आम्ही २०२३ च्या जुलैंत निघालों.

गरीब प्रवाशाची लंकेची खरी वाट एके काळीं निराळी होती. १९१४ सालापासून मद्रासेहून आगगाडीनें धनुष्कोडीस, तेथून आगबोटीनें तलैमन्नारला आणि पुन्हां आगगाडीनें कोलंबोला जातां येत असे. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळांत धनुष्कोडी गांव आणि तिथला लोहमार्ग दोन्ही वाहून गेलीं, आणि ती वाट बुडाली. २०२३ च्या ऑक्टोबरांत नागपट्टणम्‌हून जाफन्याजवळच्या कांकेसंतुरै बंदरापर्यंत बोट सुरू झाली. पण ईशान्येचे वारे सुटले कीं तीहि बंद ठेवावी लागते. आम्ही मुंबईहून विमानानेंच गेलों.

आतां पावसाविषयीं. 'लंकेंत पावसाळा केव्हां असतो?' या प्रश्नाला एका वाक्यांत उत्तर देतां येत नाहीं, आणि हेंच थोड्या पैशांत हिंडणाऱ्याच्या पथ्यावर पडतें. महाराष्ट्राच्या पंचमांशाहून किंचित् मोठें असें हें बेट. त्याच्या दक्षिण-मध्य भागांत डोंगरांचा उंच चौथरा असून त्यांतील सर्वांत उंच शिखर आठ हजार फुटांच्या वर आहे. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचे वारे येतात, ते या चौथऱ्याच्या पश्चिम अंगावर आपटून रिते होतात. पश्चिम उतारावर कांहीं ठिकाणीं वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच वेळीं पूर्व किनारा कोरडा ठणठणीत असतो. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत वारे ईशान्येकडून वाहूं लागतात. मग पूर्व आणि उत्तर भिजते व पश्चिमेकडील समुद्र निळा-शांत होतो. मधल्या महिन्यांत दुपारच्या गडगडाटी सरी कोठेंहि येतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरांत बंगालच्या उपसागरांतील वादळांचीहि भर पडते. महाबळेश्वरीं कोसळणारा पाऊस घाट उतरून वाईस येईपर्यंत कसा विरळ होतो, हें ज्यानें पाहिलें आहे त्याला लंकेचें हवामान समजावून सांगण्याची गरज नाहीं. फरक एवढाच कीं तेथें सहा महिन्यांनीं वाऱ्याची दिशा फिरते आणि महाबळेश्वराची वाई, वाईचें महाबळेश्वर होतें. तेव्हां ज्याच्यापाशीं वेळ आहे त्यानें ओल्या बाजूनें आरंभ करून कोरड्या बाजूस शेवट करावा. आमचा बेत तसाच होता.

कोलंबोविषयीं मी विशेष कांहीं सांगत नाहीं. मोठीं शहरें सर्वत्र सारखींच. तेथून तांबड्या रंगाच्या सरकारी बसनें आम्ही डोंगराकडे निघालों. गाडीवर आपल्याच अशोक लेलँडचें नांव पाहून भाच्याला हंसूं आलें. पुढची बैठक भिक्षूंसाठीं राखलेली असते. ती रिकामी असली तरी तींत चटकन् बसूं नये. वाहक तिकीट देतो, मोड परत करतो, आणि उतरण्याचें ठिकाण आलें कीं हांक मारून सांगतो. या प्रवासांत माझा वेळ उत्तम गेला तो भाषेमुळें. सिंहली ही आपल्या मराठीची दूरची चुलत बहीण आहे, हें पुस्तकांत वाचलें होतें. कानांनीं ऐकणें निराळें. शिजलेल्या भाताला ते 'बत्' म्हणतात, गांवाला 'गम', दुधाला 'किरि', मिठाला 'लुणु', मिरचीला 'मिरिस्', काळ्या रंगाला 'कळु', आणि आभार मानावयाचे तर 'इस्तुति'. ग्राम, क्षीर, लवण, स्तुति असे संस्कृत शब्द ओळींत मांडले तर शाळकरी मुलगाहि नातें ओळखील. पावसाला शब्द आहे 'वॅस्स'. तो आम्हांला पहिल्याच दिवशीं पाठ झाला.

आमचा पहिला मोठा मुक्काम कितुल्गल या गांवीं झाला. कितुल म्हणजे आपल्या कोंकणांतील भेर्ली माड आणि गल म्हणजे खडक. गांव केलणी नदीच्या कांठीं, दाट झाडींत वसलेलें आहे. १९५७ सालचा 'ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' हा गाजलेला बोलपट येथेंच चित्रित झाला होता. रस्त्यापासून थोडें वर चढून गेल्यावर एका घरांत प्रवाशांसाठीं दोन खोल्या होत्या. घरधनीण चाळिशींतली, नवरा तीनचाकी चालवणारा, एक मुलगा शाळेंत. मला त्या बाई 'महत्तया' म्हणत, म्हणजे साहेब, आणि भाच्याला 'मल्ली', म्हणजे धाकटा भाऊ. खोलीचें भाडें त्यांनीं साडेतीन हजार लंकन रुपये सांगितलें. त्या वेळीं आपल्या एका रुपयास तेथले पावणेचार ते चार रुपये मिळत, म्हणजे आपले नऊशेंच्या आसपास झाले. भाच्यानें कोठें तरी वाचलें होतें कीं, पावसाळ्यांत अर्ध्या किंमतीपर्यंत घासाघीस करावी. त्यानें दोन हजार म्हटलें. बाई थोड्या थांबल्या आणि 'जेवणहि येथेंच घेणार असाल तर चालेल' असें म्हणाल्या.

मीं तो सौदा होऊं दिला नाहीं. भाचा रुसला, बाहेर पावसांत जाऊन उभा राहिला. पुढें जेवतांना बाईंनींच आपण होऊन २०२२ सालची हकीकत सांगितली. त्या वर्षाच्या एप्रिलांत त्या देशाच्या सरकारानें परदेशी कर्जाची फेड थांबविली. तेल आणावयास परकी चलन उरलें नाहीं. बाईंचा नवरा दोन दोन दिवस पेट्रोलच्या रांगेंत तीनचाकीतच झोपे. स्वयंपाकाचा गॅस मिळेना, तेव्हां त्यांनीं परसांत पुन्हां चूल मांडली. ती आम्हीं पाहिली तेव्हांहि पेटतीच होती. प्रवासी तर एकहि नाहीं. दुपटीनें वाढलेले तांदळाचे भाव, आणि रिकाम्या दोन खोल्या. जुलैंत राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले, हें सगळ्या जगानें वाचलें. रांगेंतल्या माणसाचें कोणी वाचीत नाहीं. ज्या पंधराशे रुपयांसाठीं आपण भांडणार होतों ते आपले चारशेंहि होत नव्हते. स्वस्तांत प्रवास करावयाचा तर आपण दोन खोल्यांऐवजीं एक घ्यावी, पंखा चालतो तेथें वातानुकूलित यंत्र मागूं नये, मोटार टाकून बसनें जावें. ही काटकसर आपल्या अंगावर पडते आणि ती मला मान्य आहे. पण अडलेल्या घराच्या मिळकतींतून आपली बचत करणें याला काटकसर म्हणण्याची माझी तयारी नाहीं. जेथें टॅक्सीवाला परक्याला पाहून चौपट मागतो तेथें मीहि भांडतों, आणि तेथें खुशाल भांडावें.

या घराच्या अंगणांत एका खांबाला प्लॅस्टिकचें एक पारदर्शक नळकांडें बांधलेलें होतें. त्यावर रेघा. मला वाटलें मुलाचा खेळ असेल. तें पर्जन्यमापक निघालें. त्या देशांत दरडींच्या धोक्याकडे लक्ष ठेवणारी 'राष्ट्रीय इमारत संशोधन संस्था' आहे; तिनें डोंगराळ जिल्ह्यांत अशीं साधीं साधनें बसवून घेतलीं आहेत. नियम मुलालाहि तोंडपाठ होता. चोवीस तासांत ७५ मिलिमीटर झालें कीं सावध राहावयाचें, १०० झालें कीं निघण्याची तयारी करावयाची, आणि १५० झालें, किंवा एका तासांतच ७५ झालें, कीं घर सोडावयाचें. कोणाच्या हुकमाची वाट पाहावयाची नाहीं. शिवाय उतारावर नवी भेग दिसली, झाडें किंवा विजेचे खांब कलले, जमिनींतून एकाएकीं झरा फुटला, किंवा नितळ ओहोळ अचानक गढूळ झाला, तर मापाकडेहि पाहावयाचें नाहीं.

त्या रात्रीं पाऊस मोठा होता. दिवे गेले. नऊ वाजतां मुलानें विजेरी घेऊन माप पाहिलें, तें साठीच्या पुढें सरकलें होतें. बाईंनीं आम्हांला बूट दाराशीं ठेवून अंगावरच्या कपड्यांनिशीं झोपावयास सांगितलें. पिशव्या बांधून ठेवविल्या. आणि निघण्याची वेळ आलीच तर कोणत्या वाटेनें खालच्या शाळेंत जावयाचें तें दोनदां सांगितलें. पहांटे पाऊस ओसरला. कांहीं झालें नाहीं.

सकाळीं भाच्याच्या फोनवर घरचे निरोप येऊं लागले. आदल्या रात्रीं, म्हणजे १९ जुलैला, रायगड जिल्ह्यांत खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला होता. माझ्या नोकरीचीं कांहीं वर्षें त्याच डोंगरपट्ट्यांत गेलीं. इर्शाळवाडींत माझें जाणें कधीं झालें नाहीं. पण तशाच ठाकरवाड्यांतलीं मुलें पावसांत तास दीड तास उतरून माझ्या वर्गांत येत, पाटी पोटाशीं धरून, डोक्यावर खोळ घेऊन. चार दिवसांनीं शोध थांबविला तेव्हां २७ मृतदेह हातीं लागले होते आणि ५७ माणसें सांपडलींच नव्हतीं. त्या सकाळीं आकडे कळले नव्हते. नुसतें नांव कळलें होतें. मी अंगणांत त्या नळकांड्यापाशीं बराच वेळ उभा होतों. बाईंना काय झालें तें भाच्यानें मोडक्या इंग्रजींत सांगितलें. त्यांनीं कांहीं न बोलतां मला खुर्ची आणून दिली.

त्या दिवशीं जंगलांतून चढून बेलिलेना नांवाची प्रागैतिहासिक गुहा पाहण्याचा आमचा बेत होता. तेथें तीस हजार वर्षांपूर्वींच्या मनुष्यवस्तीच्या खुणा सांपडल्या आहेत आणि मला ती फार पाहावयाची होती. गेलों नाहीं. भाच्यानेंहि विषय काढला नाहीं. तो वही घेऊन त्या मापाचें चित्र आणि रेघांमधील अंतरें टिपून घेत बसला. पावसाळ्यांत हिंडणाऱ्यानें रोजच्या बेतांत असा एक दिवस मोकळा ठेवलाच पाहिजे. ज्याचें परतीचें तिकीट आणि मुक्काम दिवसादिवसाला बांधलेले असतात तो धोक्याच्या ओढ्यांतहि पाय घालतो, कारण पलीकडच्या खोलीचे पैसे त्यानें अगोदर भरलेले असतात.

सामानाविषयीं थोडें सांगतों. पिशवी जितकी लहान तितका मनुष्य मोठा, असें भाच्याचें मत. मला तें पटलें. सुती कपडे त्या हवेंत वाळतच नाहींत. वजनानें हलके, लवकर वाळणारे दोन जोड पुरतात. पिशवीच्या आंत एक जाड प्लॅस्टिकची थैली घालून तींत सगळें भरावें, कारण पिशवीवरचें आवरण शेवटीं झिरपतेंच. उष्ण पावसांत रेनकोटाच्या आंत मनुष्य घामानें भिजतो. आपली साधी छत्री बरी. झाडींत जळवांचा सुळसुळाट असतो. मोज्यांना ओला साबण चोळावा, जवळ मिठाची पुरचुंडी ठेवावी. जळू लागलीच तर ओढून काढूं नये. मिठानें ती आपोआप गळते. रक्त मात्र कांहीं वेळ वाहत राहतें, कारण रक्त गोठूं न देणारा पदार्थ ती जखमेंत सोडते. भिण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं. खरें भय डासाचें. नैर्ऋत्य पावसाबरोबर तेथें डेंग्यू वाढतो. २०१७ सालीं त्या लहानशा देशांत पावणेदोन लाखांहून अधिक माणसांना तो झाला होता. तेव्हां मच्छरदाणी नसलेली खोली कितीहि स्वस्त असली तरी ती महागच. आणि पायाला जखम असतांना भातखाचरांच्या पाण्यांत उतरूं नये. 'लेप्टो' काय असतो तें कोंकणांतल्या लोकांना सांगावयास नको.

खाण्याची चिंता करूं नये. दुपारीं सर्वत्र भाताचें पुडकें मिळतें : भात, वरण, ओल्या खोबऱ्याचें तिखट, पाल्याची कोशिंबीर, पापड, आणि वर मासा किंवा अंडें. आम्ही गेलों तेव्हां तीन-चारशें लंकन रुपयांत दोन वेळां पुरेल एवढा भात मिळे. शाकाहारी मंडळींनीं मात्र 'एळवळु', म्हणजे भाज्या, एवढें सांगून थांबूं नये. त्या खोबऱ्याच्या तिखटांत सुकवलेल्या माशाचा चुरा बहुधा घातलेला असतो, तो नको म्हणून वेगळें सांगावें. कोरा चहा आणि त्याबरोबर चावावयास कितुलच्या गुळाचा खडा. धो धो पावसांत याहून चांगलें पेय मला ठाऊक नाहीं.

तिसऱ्या दिवशीं बसनें घाट चढून आम्ही हॅटनला आलों. येथून श्रीपादाच्या शिखराची वाट फुटते. त्याची यात्रा मार्गशीर्षाच्या सुमाराच्या पौर्णिमेपासून वैशाखी पौर्णिमेपर्यंत. एरवीं वाटेवरचे दिवे मालवलेले, दुकानें बंद आणि वारा असा कीं मनुष्य उडावा. कांहीं साहसी तरुण तरीहि जातात. आम्हीं शिखर खालूनच, तेंहि ढग क्षणभर फाटले तेव्हां पाहिलें. मग हॅटनहून बदुल्लेकडे जाणारी आगगाडी धरली. तिसऱ्या वर्गाचें भाडें इतकें थोडें कीं आपण कांहीं चोरतों आहों असें वाटावें.

या मार्गाविषयीं मला सविस्तर सांगितलें पाहिजे. रुळांमधील अंतर आपल्याकडील रुंद मार्गाइतकेंच, साडेपांच फूट. इंग्रजांनीं कोलंबोहून कँडीपर्यंत १८६७ सालीं गाडी नेली ती कॉफीसाठीं. पुढें कॉफीवर रोग पडून चहा आला आणि चहाच्या मागून रूळ चढत चढत १९२४ सालीं बदुल्लेस पोंचले. हॅटनपासून पुढें तीन तास आम्हांला पावसाशिवाय कांहीं दिसलें नाहीं. खिडक्यांच्या कांचा वर ओढलेल्या, डब्यांत ओल्या कपड्यांचा वास, कोळंबी लावलेले वडे विकणारा पोरगा माणसांमधून वाट काढतो आहे, आणि बाहेर चहाचे मळे धुक्यांत विरघळलेले. पट्टिपोल हें त्या देशांतील सर्वांत उंच स्थानक, सुमारें ६,२०० फुटांवर. तें सोडलें कीं गाडी एका बोगद्यांत शिरते. मीं हें पुस्तकांत वाचलें होतें म्हणून भाच्याला खिडकी उघडावयास सांगितलें. शेजारच्या म्हातारबोवांनीं कपाळाला आठ्या घातल्या. बोगद्याच्या अलीकडे पाऊस. बोगद्याच्या पलीकडे ऊन. एका डोंगराच्या जाडीइतक्या अंतरावर आषाढ संपून जणूं कार्तिक लागला होता. दरी तळापर्यंत स्वच्छ, दक्षिणेकडचें मैदान निळसर, आणि डब्यांतला प्रत्येक मनुष्य कांचा खालीं करूं लागला. पर्जन्यछाया हा शब्द मीं शेंकडों मुलांकडून पाठ करवून घेतला आहे; त्याचा अर्थ इतका लख्ख मला त्या वेळीं दिसला. याच कोरड्या वाऱ्यामुळें जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत ऊव प्रांताच्या चहाला त्याचा विशेष सुगंध येतो, आणि त्याला बाजारांत चढा भाव मिळतो.

हपुतळेस आम्ही चार दिवस राहिलों. खालच्या अंगाला मळ्यांतील मजुरांच्या चाळी दिसतात. तेथें त्यांना 'लाइन' म्हणतात. इंग्रजी अमदानींत तामिळ मुलखांतून आणलेल्या मजुरांचे हे वंशज. दहा बाय बाराच्या खोलींत चार चार पिढ्या नांदल्या. हपुतळेपासून फार दूर नाहीं अशा कोस्लंदजवळ, मीरियबेद्द येथें, २९ ऑक्टोबर २०१४ रोजीं सकाळीं अशाच लाइनींवर डोंगर उतरला. त्याच वर्षीं ३० जुलैस पुणें जिल्ह्यांतील माळीण गांव दरडीखालीं गेलें होतें, दीडशें माणसांसह. दोन देश, दोन वेगळे मोसम, तीन महिन्यांचें अंतर. आणि दोन्ही ठिकाणीं मातीखालीं गेला तो डोंगरावर राबणारा मनुष्य. मीरियबेद्दला धोका असल्याचें अगोदर कळविलेलें होतें. पण सांगितल्यावर जावयाचें कोठें, याचें उत्तर जेथें कोणी देत नाहीं तेथें इशारा ऐकणाऱ्याला दोष कसा द्यावा?

पुढें बस बदलत आम्ही उत्तरेच्या कोरड्या मैदानांत उतरलों. अनुराधपुराचे स्तूप आणि सिगिरियाचा खडक यांचीं वर्णनें आपण वाचलीं असतील. मी एवढेंच सांगतों कीं, आम्ही गेलों तेव्हां सार्क देशांतील प्रवाशांना मोठ्या स्थळांचें प्रवेशशुल्क निम्मे होतें, त्यासाठीं पारपत्र दाखवावें लागे. मला वेड लावलें तें तळ्यांनीं. पश्चिमेकडे ज्या पाण्यानें आम्हांला खोलींत कोंडलें होतें, त्याचा या बाजूस एक थेंब पडत नव्हता. आणि तरी भातखाचरें हिरवीं होतीं. पांचव्या शतकांत धातुसेन राजानें कलावेव हें तळें बांधलें आणि त्याचें पाणी अनुराधपुरास नेण्यासाठीं सुमारें ५४ मैलांचा कालवा खोदविला. त्या कालव्याच्या पहिल्या १७ मैलांत उतार दर मैलाला केवळ सहा इंच आहे. आमच्या अभियंत्यानें हें ऐकून तीन वेळां आकडा विचारला. दुर्बिणी नाहीं, पातळी मापण्याचें आधुनिक यंत्र नाहीं. पंधराशें वर्षांनंतरहि त्यांतून पाणी वाहतें आहे.

शेवटचे दिवस त्रिंकोमलीस काढले. कोणेश्वराचें देऊळ समुद्रांत घुसलेल्या कड्यावर आहे. खालीं पाणी इतकें शांत कीं माशांच्या सावल्या वाळूवर मोजाव्यात. त्याच दिवसांत हिक्कडुव, मिरिस्स या नैर्ऋत्य किनाऱ्यांवर लाटा उसळत असतात आणि आंत खेंचणारे प्रवाह असतात. तांबडें निशाण असतां पाण्यांत शिरणाऱ्या प्रवाशाला मी शूर म्हणणार नाहीं. समुद्रांत पोहावयाचें तर जुलैंत पूर्वेस जावें, जानेवारींत पश्चिमेस.

एकोणीस दिवसांचा दोघांचा तेथील खर्च, विमानभाडें सोडून, आपल्या बेचाळीस हजारांच्या आंत आला. भाच्याच्या मित्रांनीं याहून स्वस्तांत केल्याचें तो सांगतो, करोत बापडे.

यापुढचा मजकूर जाणाऱ्यांसाठीं. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर 'दितवा' नांवाचें चक्रीवादळ पूर्व किनाऱ्यानें त्या बेटावर चढलें. शेंकडों माणसें दगावलीं, डोंगरांत ठिकठिकाणीं दरडी कोसळल्या, आणि मीं वर्णिलेला तो लोहमार्ग जागोजागीं उखडला. दोन दिवस कितुल्गलचा फोन लागेना. तिसऱ्या दिवशीं लागला. मापानें दीडशेंची रेघ ओलांडली तशीं तीं तिघें रात्रींच खालच्या शाळेंत गेलीं होतीं. स्वयंपाकघराची मागची भिंत मातीनें आंत ढकलली आहे, खोल्या उभ्या आहेत. भाच्यानें काय पाठवूं म्हणून विचारलें. बाई म्हणाल्या, रस्ता सुरू झाला आहे, ओळखीचे कोणी येणार असतील तर येऊं द्या. भाडें तेंच आहे.

डोंगरांतील गाडी कोठपर्यंत चालते याची चौकशी कोलंबोच्या फोर्ट स्थानकावर आधीं करावी. चालत नसल्यास अविस्सावेल्लाहून हॅटनकडे जाणारी बस कितुल्गलवरूनच जाते. सकाळची धरावी, म्हणजे दुपारच्या पावसाच्या आंत घाट संपतो.